जीप की रणगाडा? एका खेळण्याची तपासणी

रोबोचे खेळणे घरात आले की त्याची परीक्षा दोन प्रकारे होते. मुलगा म्हणतो, भारी आहे. आई-बाप विचारतात, केवढ्याला पडले? या दोघांच्या मध्ये एक तिसरी परीक्षा असते, ती फिटरची. ती करणारा माणूस प्रत्येक घरात नसतो, म्हणून हा लेख.

आम्ही पुण्याजवळच्या एका लष्करी वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षे फिटर होतो. जीप, जोंगा, निसान वन टन, शक्तिमान ट्रक यांच्या पोटाखाली आमचे तारुण्य गेले. आता लष्करी गाडीचा माणूस होतो आणि त्या माणसाची पुन्हा लष्करी गाडी होते, अशी खेळणी बाजारात आहेत. आमच्या आठ वर्षांच्या नातवाकडे अशी दोन जमली. एक जीप, ती आमच्या भाच्याने मस्कतहून आणली. तो तिथे एका गॅरेजात कामाला आहे. दुसरा रणगाडा, तो सूनबाईंनी आठवडी बाजारातून साडेतीनशे रुपयांना घेतला. जीपवर कंपनीचे नाव आहे. रणगाड्यावर कसलेच नाव नाही, चिन्ह नाही, पत्ता नाही. दोन्ही खेळणी आम्ही जुन्या वर्तमानपत्रावर मांडली आणि चष्मा लावून बसलो.

आधी या जातीच्या खेळण्यांची कुळकथा सांगतो, कारण ती आपल्याकडे फार जणांना ठाऊक नाही. सगळे समजतात की ही अमेरिकेची कल्पना. मूळ जपानचे. ताकारा नावाच्या जपानी खेळणी-कंपनीने १९८० साली 'डायाक्लोन' नावाची खेळणी काढली. त्यात मोटारीचा रोबो होई, पण तो रोबो जिवंत नव्हता. ते एक यंत्र होते आणि ते चालवायला इंचभर उंचीचा ड्रायव्हर डब्यातच मिळे. त्याच्या पायात लोहचुंबक असे, म्हणजे तो पत्र्यावर उभा राही. पुढे अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने हे साचे घेतले आणि १९८४ साली 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने खेळणी विकायला काढली. त्यांनी ड्रायव्हर काढून टाकला. रोबोला नाव दिले, स्वभाव दिला, शत्रू-मित्र दिले. ही नावे आणि स्वभाव लिहिण्याचे बरेचसे काम मार्व्हल या चित्रकथांच्या कंपनीतील बॉब बुडियान्स्की या गृहस्थांनी केले.

ड्रायव्हर काढून टाकला, हे आम्हाला जरा लागले. एकतीस वर्षे आम्ही गाडी दुरुस्त केली ती तिच्यात कोणी तरी बसणार म्हणून. असो.

१९८४ सालच्या त्या पहिल्या तुकडीत हाऊंड नावाचा एक रोबो होता. त्याची होई जीप. जपानच्या मित्सुबिशी कंपनीच्या लष्करी जीपवरून तो साचा घेतलेला होता. आणि मित्सुबिशीची जीप म्हणजे तरी काय? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या काढल्या. युद्ध संपले, पण जीप संपली नाही. १९५३ पासून मित्सुबिशीने विलिसच्या परवान्याने जपानात ती बांधायला घेतली. आपल्याकडे त्याच्या थोडे आधी, १९४० च्या दशकाच्या शेवटी, मुंबईत महिंद्राने त्याच विलिसचे सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली होती. म्हणजे जपानी खेळण्यातली जीप आणि आपल्या तालुक्याच्या गावी तहसीलदार उतरायचा ती जीप, या दोघी सख्ख्या चुलत बहिणी. हे नातवाला सांगितले तेव्हा त्याने विचारले, "मग आपल्या जीपचा रोबो का नाही होत?" आम्ही म्हटले, होत असे, फक्त त्याला चार फिटर आणि दोन दिवस लागत.

हाऊंडच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. २०१४ च्या इंग्रजी सिनेमात तर तो जीप राहिलाच नाही, ओशकोश कंपनीचा भला मोठा लष्करी ट्रक झाला. भाच्याने आणलेला मात्र जीपवाला आहे. त्याच्या मूळ स्वभावाबद्दल जे लिहिले गेले ते आम्हाला फार आवडले. हा रोबो दुसऱ्या ग्रहावरचा. तरी त्याला आपल्या पृथ्वीवरची झाडे, डोंगर, नद्या स्वतःच्या ग्रहापेक्षा जास्त आवडतात. माग काढणे हे त्याचे काम. आणि त्याच्या मनात एक गुपित आहे, आपण माणूस व्हावे असे त्याला वाटते. लष्करी हिरव्या रंगाच्या गाडीला असा स्वभाव देणाऱ्याचे आम्हाला कौतुक वाटले.

पहिल्या काळातल्या डब्यांच्या पाठीमागे प्रत्येक रोबोची गुणपत्रिका छापलेली असे. बळ, बुद्धी, वेग, टिकाऊपणा, हुद्दा, धैर्य, मारा करण्याची ताकद आणि कौशल्य असे आठ विषय, प्रत्येकी दहापैकी गुण. ते गुण उघड दिसत नसत. लाल रंगाची प्लास्टिकची पट्टी डोळ्यासमोर धरली तरच वाचता येत. युक्ती चांगली. पण या आठ विषयांत एकही विषय खेळण्याचा नाही, सगळे कथेतल्या रोबोचे. खेळणे हातात धरणाऱ्या मुलाला काय मिळेल, याला गुण कोण देणार? ते आम्ही दिले.

पहिला प्रश्न असा की, मुलाला ते स्वतः उघडता-मिटता येते का? जीपचा माणूस करायला आम्हाला पहिल्या दिवशी वीस मिनिटे लागली आणि नातवाला चार. मागचा भाग ओढला की पाय निघतात, बॉनेट छातीवर येते, बाजूला दडवलेले हात बाहेर येतात. क्रम चुकला तर पुढचे पाऊल अडते. जोर लावला तर खेळणे सांगते, जोर लावू नको, मागे जा, आधीचे वळण पाहा. आमच्या वर्कशॉपमधले उस्ताद नव्या पोराला पहिल्या महिन्यात हेच शिकवीत. जिथे जोर लागतो तिथे चूक आहे. नट फिरत नसेल तर लांब पाना आणू नका, आधी आटे पाहा. ही गोष्ट आम्ही नातवाला तोंडाने शंभर वेळा सांगितली असती तरी त्याच्या डोक्यात गेली नसती. जीपने ती तीन दिवसांत शिकवली.

दुसरा प्रश्न, सांध्यांत प्ले किती? प्ले म्हणजे ढिलेपणा. खांदा, कोपर, गुडघा हलवून पाहावे. हात सोडला की आहे तिथे थांबला पाहिजे, खाली लोंबता कामा नये. जीपचे सगळे सांधे थांबतात. ज्या सांध्यावर जास्त भार, तिथे पिन धातूची आहे, हलक्या जागी प्लास्टिकचा गोळा खोबणीत बसवला आहे. गोळ्याचा सांधा जोराने ओढला तर निखळतो आणि दाबला तर परत बसतो. हे मुद्दाम केलेले आहे. मोडण्यापेक्षा निखळलेले बरे. असा विचार ज्याने केला त्याने मुले पाहिलेली आहेत.

तिसरे, चाके. जीपची चारही चाके जमिनीला टेकतात आणि फिरतात. फरशीवर ढकलली तर सरळ जाते. तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? रणगाडा पाहा मग.

खऱ्या रणगाड्याचा पट्टा म्हणजे लोखंडी कड्यांची माळ. एकेक कडे पिनेने दुसऱ्याला जोडलेले. आवडीच्या कारखान्यात झालेला विजयंता सुमारे चाळीस टनांचा, आणि त्याचे सगळे चालणे या पिनांवर. पिना झिजल्या की पट्टा सैल पडतो. बाजारातल्या रणगाड्याचा पट्टा नुसता साच्यात उठवलेला आहे, हलत नाही. पोटाखाली चार बटणाएवढी चाके लपवली आहेत, त्यावर तो चालतो. ही युक्ती महाग खेळण्यांतही असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या रणगाड्याची एक चाकी जन्मापासून हवेत होती, त्यामुळे तो नेहमी डावीकडे वळायचा. त्याचा माणूस व्हायला फक्त तीन वळणे लागतात. वरचा घुमट मागे, पाय खाली, हात बाजूला. नातू तिसऱ्या वेळेला कंटाळला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उजवा हात खांद्यातून तुटला. निखळला नाही, तुटला. तिथे पिन नव्हतीच, प्लास्टिकची काडी होती, तीही फुंकर घातल्यासारखी पोकळ.

मुलगा रडला. साडेतीनशे रुपये सूनबाईंच्या दीड दिवसाच्या मजुरीचे, त्यामुळे त्या गप्प झाल्या. रडण्यापेक्षा ते गप्प होणे आम्हाला जास्त जड गेले.

इथे किमतीचे सांगायला हवे. बाहेरून आलेले नाववाले खेळणे आपल्याकडे महाग पडते, त्याला कारण आहे. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ साली ७० टक्के. आपल्या देशात खेळणी बनावीत असा त्यामागचा हेतू. दुसरे म्हणजे १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. टोक लागते का, रंगात शिसे आहे का, तुकडा सुटून घशात जातो का, अशा तपासण्या त्यामागे असतात. आठवडी बाजारात चिन्ह नसलेला माल अजून दिसतो. तो विकणाराही आपल्यासारखाच पोटासाठी बसलेला असतो, त्याच्यावर राग धरून उपयोग नाही. पण पिशवी हातात घेतली की उलटी करून पाहा. चिन्ह नसेल तर निदान घरात तीन वर्षांखालचे मूल असताना ते आणू नका.

आता बंदुकीकडे येऊ. जीपच्या रोबोबरोबर एक बंदूक आहे आणि खांद्यावर बसणारा एक तोफेचा तुकडा आहे. रणगाड्याची तर तोफच आहे. यावरून आमच्या घरात वाद झाला. नातवाची आजी दर पौर्णिमेला विहारात जाते. ती म्हणाली, "उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार भगवंतांनी सांगितले. त्यात शस्त्रांचा व्यापार पहिला. आणि तुम्ही पोराच्या हातात तोफ देता?" आम्ही म्हटले, व्यापार आपण कुठे करतो, आपण तर गिऱ्हाईक. ती म्हणाली, "गिऱ्हाईक नसेल तर व्यापारी काय करील?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. मग तिनेच पुढे जोडले, "आणि एकतीस वर्षे त्याच खात्याचा पगार खाल्लात, तो मीच चुलीवर शिजवला, तेव्हा फार बोलत नाही." वाद तिथेच थांबला, पण तो मिटला असे आम्ही म्हणणार नाही.

आजीचे म्हणणे या खेळण्यांच्या कारखानदारांनाही एका बाजूने टोचलेले दिसते. या कथेतला मुख्य खलनायक मेगाट्रॉन. १९८४ साली त्याचे खेळणे म्हणजे चक्क वॉल्थर पी-३८ जातीचे जर्मन पिस्तूल होते. रोबोचे पिस्तूल होई आणि ते मुलाच्या मुठीत बसे. पुढे १९८८ साली अमेरिकेत कायदा झाला की, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीला भडक केशरी टोक असलेच पाहिजे. १९९३ साली मेगाट्रॉन नव्याने आला तेव्हा तो पिस्तूल नव्हता, रणगाडा झाला होता. गंमत पाहा, पिस्तूल मुलाच्या हातात नको म्हणून रणगाडा दिला. तरी त्यात थोडा अर्थ आहे. पिस्तूल मुठीत धरले की मुलगा ते कोणावर तरी रोखतो, समोर आजी असो की धाकटी बहीण. रणगाडा रोखता येत नाही, तो जमिनीवर चालवावा लागतो. नेम धरणारा मुलगा आणि गाडी चालवणारा मुलगा यांत फरक आहे, आणि तो आम्ही आमच्याच घरात पाहिला.

तरीही युद्धाची खेळणी म्हणून ही सगळी जात फेकून द्यावी, असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही. त्याला एक माणूस कारण आहे. जपानची ही खेळणी हॅस्ब्रोने घ्यावीत म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांत हेन्री ओरेनस्टीन यांचे नाव मोठे. जन्म १९२३, पोलंडमधल्या एका ज्यू घरातला. नाझींनी त्यांच्या आई-वडिलांना मारले. ते स्वतः पाच छळछावण्यांतून जिवंत बाहेर आले. एका छावणीत शास्त्रज्ञांची आणि गणितज्ञांची नावे मागवली गेली, तेव्हा त्यांनी स्वतःचे आणि भावांचे नाव दिले. शास्त्र येत नव्हते, जगायचे होते. १९४७ साली ते अमेरिकेत गेले आणि पुढे खेळणी बनवण्याच्या धंद्यात पडले. डिसेंबर २०२१ मध्ये ९८ व्या वर्षी ते वारले. खऱ्या रणगाड्यांचे राज्य ज्याने अंगावर झेलले, त्या माणसाला मोटारीचा रोबो होतो हे पाहून वाटले की, हे मुलांना द्यावे. त्याच्यापुढे आम्ही शहाणपण कसे सांगावे?

ही गोष्ट आजीला सांगितली. ती ऐकून बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "त्याने मोटार पाहिली असेल. तोफ नंतर कोणी तरी लावली."

पुढच्या रविवारी आमचे थोरले बंधू आले. दादा महार रेजिमेंटमध्ये होते. १९४१ साली बेळगावात उभी राहिलेली ही रेजिमेंट आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको. १९७१ च्या लढाईत दादा जीप चालवीत. लढाईचे ते सहसा बोलत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. नातवाने दोन्ही खेळणी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि विचारले, "मोठे आजोबा, यातले कोण जिंकेल?"

दादांनी रणगाडा बाजूला सारला आणि जीप उचलली. उलटी केली, खालून पाहिली, चाक फिरवले. मग म्हणाले, "स्टेपनी आहे. बरे झाले." पुढची काच बोटाने चाचपली. विलिस जीपची काच पुढे बॉनेटवर आडवी पडते, तशी ही पडते का ते ते पाहत होते. पडली नाही. "ही पडायला पाहिजे होती," ते म्हणाले, "काच पाडून वर स्ट्रेचर आडवे बांधायचो आम्ही. एकावर एक भागत नसे, दोन बांधायचो. मग फार हळू चालवावी लागे. खड्डा आला की वरचा माणूस ओरडायचा, म्हणजे तो जिवंत आहे हे कळायचे." एवढे बोलून त्यांनी चहा मागितला. नातवाने विचारले, "आणि बंदूक?" दादा म्हणाले, "बंदूक माझ्या पाठीमागे पडलेली असायची. दोन्ही हात तर स्टिअरिंगला."

यानंतर जीपची आमची तपासणी आम्ही थोडी बदलली. गुणपत्रिकेत एक विषय वाढवला, तो असा की, लढाई सोडून या गाडीला दुसरे काही काम आहे का? रणगाड्याला नाही. तो कितीही चांगला बनवला तरी त्याला एकच धंदा येतो. म्हणून मुलगा तीन-चार दिवस तोफ उडवतो आणि मग तो कपाटाखाली जातो. जीपला कामे फार. पाणी नेते, टपाल नेते, डॉक्टरला आणते, जखमींना नेते. खेळ संपत नाही. ज्या घरात एकच खेळणे घेणे परवडते आणि मुलाला लष्करी गाडीचाच रोबो हवा असतो, त्या घराने जीप, ट्रक, पूल टाकणारी गाडी, रुग्णवाहिका असे काही शोधावे, रणगाडा नको. हे आम्ही दयाधर्म म्हणून सांगत नाही, पैशाचा हिशेब म्हणून सांगतो.

आणखी दोन गोष्टी, विकत घेणाऱ्यांसाठी. डब्यातला घडीचा कागद फेकू नका. त्यावर उघडण्या-मिटण्याची चित्रे असतात आणि पहिला महिना त्याच्यावाचून चालत नाही. कागद हरवलाच तर पहिल्यांदा मिटताना मुलाला समोर बसवून प्रत्येक वळण त्याच्याकडून बोलवून घ्या, त्याच्या लक्षात राहते, आपल्या नाही. आणि थंडीत सकाळी सकाळी प्लास्टिक वाकवू नका, ते कडक झालेले असते. तळहातात थोडे धरून ऊब द्या, मग वळवा. सांधा घट्ट वाटला तर स्वयंपाकाचे तेल घालू नका, त्याला धूळ चिकटते आणि सांधा खाल्ला जातो. शिसपेन्सिलीची पूड चिमूटभर पुरते.

दादा गेल्यावर नातवाने जीपची बंदूक आणि खांद्यावरची तोफ काढून काड्यापेटीत ठेवली. कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या एका रिकाम्या काड्यापेटीचे त्याने स्ट्रेचर केले, त्यावर रणगाड्याचा तुटलेला हात ठेवला, आजीच्या केसांच्या रबराने ते जीपवर बांधले आणि फरशीवरून फार हळू आमच्या खाटेपर्यंत आणले. म्हणाला, "आजोबा, वर्कशॉप उघडे आहे ना?"

हात जोडायला आम्ही सायकलचा जुना स्पोक घेतला. त्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापला, दोन्ही टोके कानसने घासली. खांद्यात आणि हातात भोक पाडायला दाभण तापवले. तुकडा आत दाबून बसवला आणि एका बाजूला डिंकाचा थेंब दिला, दुसरी बाजू फिरती ठेवली. आता तो हात जीपच्या हातापेक्षा घट्ट बसतो. डावा हात मात्र सैल पडू लागला आहे. स्पोकचा उरलेला तुकडा आम्ही डब्यात ठेवून दिला आहे.